वारुळापासून बांधीपर्यंत

वारुळाच्या पायथ्याशी माती तडकली आहे आणि त्या भेगांतून पांढरी टोकं वर येत आहेत. काल सांजेपर्यंत इथे काहीच नव्हतं, असं काकू सांगतात. रात्रभर झड होती. पहाटे ती ओसरली, आणि आता सकाळचे सात वाजायच्या आत वारुळाभोवतीच्या ओल्या मातीत बोटभर उंचीच्या छत्र्यांची दाटी झाली आहे. काही अजून मिटलेल्या, टोकाशी करड्या, टणक. काही उमलून कडा फाटलेल्या. काकू उकिडव्या बसतात, एकेका देठाला बुडाशी धरून हलकेच पिळतात आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात ठेवतात. त्यांना घाई आहे. दुपारपर्यंत यात अळ्या पडतील, आणि रोवणीला जायची वेळही होत आली आहे.

अड्याळच्या शिवारात आषाढ सरत आला आहे. भंडाऱ्याहून पवनीला जाणारा रस्ता मागे गावाजवळ राहिला. आम्ही धानाच्या बांध्यांच्या पायऱ्या चढून जंगलाच्या कडेला आलो आहोत. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, मधेमधे पळस. पायाखाली गेल्या उन्हाळ्याचा पाचोळा आहे, पण तो आता वाजत नाही. भिजून काळा पडला आहे, आणि उचलला की त्याच्या खालच्या बाजूला पांढरे तंतू दिसतात.

"यायले सात्या म्हणतेत जी," काकू सांगतात. "बाकीचे टेकोडे येगळे. हे फक्त वारुरावर निंगतेत." मी काडीने माती जराशी उकरायला लागतो तशा त्या हात आडवा घालतात. "वारूर फोडाचा नाही. फोडला त पुढच्या साली सात्या कोठून निंगन?"

जमिनीखाली जे चाललं आहे ते काकूंच्या नियमाला धरूनच आहे. या छत्रीचा देठ मातीपाशी संपत नाही. तो बारीक होत खाली उतरतो, कधी हातभर, कधी त्याहून खोल, आणि वाळवीने राखलेल्या बुरशीच्या बागेत पोचतो. वाळवी पाचोळा आणि वाळलेलं लाकूड खाते असं आपण म्हणतो, पण या वाळवीला लाकडातला कठीण भाग स्वतःच्या पोटात नीट पचत नाही. कामकरी वाळवी पाचोळा चावून आणते, अर्धवट पचवून विष्ठेच्या रूपाने भुयारातल्या कोनाड्यात रचते, आणि त्या सच्छिद्र पोळ्यावर बुरशी वाढते. झाडाने आपल्या खोडाला ताठ ठेवायला बनवलेलं जे द्रव्य जवळपास कुणालाच पचत नाही, ते ही बुरशी फोडते. त्यातला पुष्कळसा कार्बन हवेत जातो. मागे उरतं ते नत्राने अधिक सकस झालेलं अन्न, आणि ते वाळवी खाते. बुरशीला घर, ओल आणि रोजचा चारा मिळतो, वाळवीला पचलेलं जेवण मिळतं. हा व्यवहार सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाला आणि तिथून आशियात आला, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

वाळवीच्या घरात छत्र्या उगवतात हे ज्याने पहिल्यांदा लिहून ठेवलं त्या माणसाचा आपल्याशी थोडा संबंध आहे. योहान कोनिग हा लिनियसचा शिष्य. वैद्य म्हणून तो तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला, आणि तंजावर भागातल्या वारुळांचं त्याने केलेलं वर्णन १७७९ मध्ये छापलं गेलं. तेव्हा तंजावरच्या गादीवर भोसले होते. या बुरशीच्या प्रजातीला आज शास्त्रात असलेलं टर्मिटोमायसिस हे नाव मात्र फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये दिलं. या दोघांच्या कितीतरी आधीपासून पाऊस, वारूळ आणि सात्या यांचं नातं गोळा करणाऱ्या बायांच्या हातात होतं, ते असं अळ्या पडायच्या आत पानात भरून घरी नेण्याच्या घाईतून.

छत्री उमलण्याची वेळही नेमकी आहे. मृगाच्या सरी पडल्या की वारुळातून पंखवाली वाळवी उडते. त्या संध्याकाळी बेडूक, कोतवाल, पाली, कोंबड्या सगळ्यांची चंगळ होते, आणि त्यातून वाचलेली एखादी जोडी जमिनीत शिरून नवं घर मांडते. त्या घरातले पहिले कामकरी बाहेर पडेपर्यंत काही आठवडे जातात. नेमकी तेव्हाच जुन्या वारुळांवर छत्र्या फुटतात आणि त्यांची बीजुकं मातीवर, पाचोळ्यावर सांडतात. यातल्या बऱ्याच जातींत नव्या घराला बुरशी वारशाने मिळत नाही. ती या सांडलेल्या बीजुकांतूनच उचलून आणावी लागते. म्हणून काकू द्रोण भरल्यावर उरलेल्या, पुरत्या उमललेल्या छत्र्या तशाच सोडतात. "एवढ्या राहू दे," म्हणतात आणि उठतात.

उतरताना गाईवाट लागते. गावाची जनावरं याच वाटेने सकाळी जंगलात येतात आणि सांजेला परततात. कालच्या शेणाचे पो पावसाने पसरले आहेत, आणि त्यांत काळ्या, चमकदार शेणकिड्यांची लगबग आहे. एक जोडी गोळा ढकलत वाटेच्या कडेला नेते आहे. मादी त्यात अंडं घालेल, गोळा मातीत पुरला जाईल आणि अळीचं पोट भरून जे उरेल ते तिथल्याच गवताच्या मुळाशी पडेल. शेण उघड्यावर पडून राहिलं असतं तर त्यातलं पुष्कळसं नत्र अमोनिया होऊन उडून गेलं असतं. किडा ते जमिनीत घालतो.

पण जनावरांच्या पोटातून जंगलाचा जो भाग खाली येतो, तो मोठा आहे. दिवसभर ती रानात चरतात आणि रात्री गोठ्यात बसतात; म्हणजे रानातल्या गवताचं, झुडपांच्या पाल्याचं स्फुरद आणि नत्र रोज संध्याकाळी स्वतःच्या पायांनी चालत गावात येतं. उकिरड्यावर ते वर्षभर कुजतं आणि उन्हाळ्यात बंडीने बांधीत पडतं. गावात ट्रॅक्टर आले तशी बैलजोड्या कमी झाल्या. हे सगळीकडेच झालं, आणि त्यात सोय आहे हेही खरं. पण बैलजोडी गेली तेव्हा ओढण्याचं बळ तेवढंच गेलं असं आपण धरतो. जंगलातून बांधीत रोज होणारी ही आवक तिच्याबरोबर आटली, याची नोंद कुठल्याच हिशेबात पडत नाही, आणि मला ते फार खटकतं.

वाटेला समांतर एक ओहोळ उतरतो. पाणी चहाच्या रंगाचं आहे. ओंजळीत घेतलं तर त्यात पानांचे चुरे, मुंग्यांच्या मातीचे कण, एक मेलेला नाकतोडा, आणि काठाशी तांबूस फेस. पहिल्या मोठ्या पावसांचं पाणी जंगलातून असंच येतं. वर्षभर किड्यांनी, बुरशीने, जिवाणूंनी फोडून ठेवलेलं सगळं त्यात विरघळलेलं असतं. नंतर, भादव्यात, हाच ओहोळ नितळ होतो. आत्ताचं पाणी मोलाचं आहे, आणि ते जातं तलावात.

तलावाच्या पारीवर आलं की वारा लागतो. पार म्हणजे मातीचा जुना बांध. त्यावर वाढलेल्या झाडांची मुळं माती धरून आहेत. पलीकडे पाणी अजून काठोकाठ नाही. सलंग, म्हणजे जादा पाण्याची वाट, कोरडी आहे, आणि तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीची, भोकं बुचं मारून बंद आहेत. ती उघडतील आश्विनात, धान गर्भात असताना पाऊस दगा देईल तेव्हा. पूर्व विदर्भात असे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी मालकीचे, तलाव सहा हजारांहून जास्त आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने यातले पुष्कळ बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि लोक त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणू लागले. मालकी गेली तशी दर उन्हाळ्यात गाळ काढून शेतात नेण्याची गावाची रीतही मोडत गेली.

मासेमार ढिवर समाजाचे काका पाण्यात छातीपर्यंत उभे आहेत. जाळं टाकत नाहीत. हाताने काही चाचपत आहेत. मला पाहून हात वर करून थांबायची खूण करतात. मग हळूच बोट दाखवतात. त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर पाणी नारिंगी झालं आहे. तो रंग हलतो, गोल फिरतो, पसरतो, पुन्हा आवळतो. शेकडो पिल्लं आहेत, नखाएवढी, लालसर. एकदम वर येऊन हवा घोटतात आणि बुडतात. त्यांच्या खाली एक काळी सावली आहे, हातभर लांब.

"मरळ हाये," काका कुजबुजतात. "माय-बाप दोघंही खाली रायतेत. आता ह्याले धराचं नाही. धरलं त पिल्लं दुसऱ्या माशाच्या तोंडात गेले समजा."

मरळ स्वतः शिकारी. मोठी झाली की बेडूक, लहान मासे, झिंगे, काहीही खाते. पण तिची अंडी आणि ही पिल्लं वाचतात ती पाणवनस्पतींच्या आडोशाने. काका पाण्याखालून एक मूठ वर काढतात: हायड्रिलाच्या लांब दोऱ्या, त्यांना चिकटलेली हिरवी शेवाळी, एक गोगलगाय, पाण्यात चालणारे दोन किडे आणि पारदर्शक झिंग्याचं पिल्लू. ती मूठ ते माझ्या ओंजळीत देतात. एवढ्याशा गवतावर इतक्यांचं पोट चाललेलं पाहून मी काही वेळ तिच्याकडेच पाहत उभा राहतो. शेवाळी पाण्यातलं विरघळलेलं नत्र आणि स्फुरद घेते. गोगलगाय आणि झिंगा शेवाळी खातात. मासा झिंगा खातो. बगळा, पाणकावळा आणि माणूस मासा खातात. जे सुटतं ते मरून तळाशी बसतं आणि गाळ होतं.

"गवत नाही त मच्छी कोठी अंडे देल?" काका विचारतात. हे ते गेल्या काही वर्षांच्या अनुभवातून बोलत आहेत. तलाव ठेक्याने गेला, रोहू-कटल्याचं बीज पडलं, काही ठिकाणी गवत खाणारा कार्प पडला. गवत गेलं, आणि त्याच्यामागून गावच्या माशांच्या जाती गेल्या. दुसरीकडे, काठावर बेशरम चढली. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप जनावर खात नाही, किडे फारसे खात नाहीत, आणि उथळ पाण्यात ते एकदा रुजलं की देशी वनस्पतींना जागा उरत नाही. जे कुणीच खात नाही ते साखळीत येत नाही. ते फक्त जागा आणि गाळातलं सत्त्व अडवून बसतं.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, हे उलटं फिरवून दाखवलं गेलं आहे. मनीष राजनकर यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि पतीराम तुमसरे यांच्यासारखे ढिवर जाणकार यांनी तिथल्या तलावांत उन्हाळ्यात बेशरम खणून काढली, तलावाचं पोट नांगरलं आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. या कामात ढिवर बायांचे गट पुढे होते. धानाची रोवणी करणाऱ्या हातांनी तलावात गवताची रोवणी केली. मासे परत आले, पक्षी परत आले. काकांनी ते काम जाऊन पाहिलं आहे. "आपल्याही तरावात कराले पायजे," म्हणतात; पण ठेका, समिती, मजुरी हा विषय निघाला की चेहरा आक्रसतो आणि ते पुन्हा पाण्यात वाकतात. मरळीच्या पिल्लांचा नारिंगी गोळा तोवर गवतात शिरून दिसेनासा झाला आहे.

पारीच्या खाली बांध्या सुरू होतात. वरच्या अंगाला सिहार, खाली मोरांड, अगदी खोलगट भागात कन्हार. जमिनीची ही नावं इथला प्रत्येक शेतकरी पायाच्या स्पर्शाने सांगतो. एका बांधीत चिखलणी चालू आहे. ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावलं आहे, चिखल उकळत वर येतो आहे, आणि मागे पंधरा-वीस गायबगळे धावताहेत. दोन कोतवाल तारेवरून झेप घेतात. चिखलातून जे उघडं पडतं, गांडूळ, रातकिड्यासारखे किडे, बेडकांची पिल्लं, लहान खेकडे, ते सगळं क्षणात चोचीत जातं. थोड्या अंतरावर एकटा मुग्धबलाक उभा आहे. त्याच्या चोचीच्या दोन पात्यांमध्ये फट राहते. गोगलगाय धरायला आणि शंखातून मांस ओढून काढायला ती चोच कामी येते. रोपाची कोवळी पानं कुरतडणाऱ्या गोगलगायी तो खातो आणि विष्ठा त्याच बांधीत टाकतो.

शेजारच्या बांधीत बाया ओळीने वाकल्या आहेत. सात्यांचा द्रोण घरी ठेवून काकूही त्यांत येऊन मिळाल्या आहेत. पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या पाण्यात टाकलेल्या. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताची बोटं चिखलात खुपसली जातात आणि रोप उभं राहतं. मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत, दोन-तीन आठवड्यांपूर्वी रोवलेल्या बांधीत उतरतो.

पाय घोट्याच्या वर रुततो आणि बुडबुडे येतात. मातकट, थोडा कुजट वास. बुडबुड्यांत मिथेन आहे, आणि त्याच्याबरोबर नत्रवायूही. पाण्याखालच्या चिखलात वरचा अगदी पातळ थर, काही मिलिमीटरचा, तेवढ्यात प्राणवायू असतो. तो पिवळसर तपकिरी दिसतो. त्याखाली बोट घातलं की चिखल राखाडी-निळा. तिथे प्राणवायू संपला आहे, आणि तिथले जिवाणू श्वासासाठी दुसरं काही वापरतात: नायट्रेट, मग लोहाची तांबडी संयुगं, आणि सगळ्यात शेवटी मिथेन करणारे. या सगळ्यांत शेतकऱ्याच्या फायद्याचं घडतं ते लोहापाशी. कोरड्या जमिनीत स्फुरद लोहाला घट्ट चिकटून बसतं, पिकाला मिळत नाही. चिखलात लोहाचं रूप पालटलं की ते स्फुरद सुटतं. पाणी भरलेल्या बांधीत धानाला स्फुरद सोपं पडतं ते यामुळे. चिखलणीने तण मरतं आणि पाणी मुरत नाही, एवढंच आपल्याला सांगितलेलं असतं.

मी एक रोप मातीसकट काढतो आणि मुळं धुतो. पांढऱ्या नव्या मुळांमध्ये जुनी मुळं गंजाच्या रंगाची आहेत. हा गंजच आहे. धान आपल्या पानांतून हवा पोकळ ऊतींमधून मुळांपर्यंत नेतो, आणि थोडा प्राणवायू मुळांतून चिखलात झिरपतो; त्याला लागून विरघळलेलं लोह पुन्हा तांबडं होऊन मुळावर बसतं. गुदमरवणाऱ्या चिखलात धानाचं मूळ स्वतःभोवती श्वास घेण्याजोगी एवढीशी जागा करतं, आणि त्या जागेत जिवाणूंच्या वेगळ्या वस्त्या राहतात. रोप मी परत लावतो, बोटांनी बुडाशी माती दाबून.

पाण्याच्या वर हिरवट निळी साय आहे. धुऱ्याजवळ ती जाड झाली आहे, काही ठिकाणी बोराएवढे मऊ, बुळबुळीत गोळे तरंगतात. शेतमालक, मध्यम वयाचे, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेले, पायाने ती साय बाजूला करतात. "हे काई बेकार होते बांधीत," म्हणतात.

ती बेकार नाही. ही नीलहरित शेवाळं हवेतला नत्र पकडतात. आपल्या अंगाभोवती जेवढी हवा आहे तिचा बहुतांश भाग नत्रच आहे, पण तो धानाच्या काही कामाचा नाही. त्याला फोडून अमोनियात बदलणं थोड्याच जिवांना जमतं. या शेवाळाच्या माळेत मधेमधे जाड भिंतीच्या पेशी असतात, आणि ते काम तिथे चालतं, कारण नत्र पकडणारं विकर प्राणवायू लागला की निकामी होतं. धानाच्या बांधीत ही शेवाळं नत्र आणतात, हे प्र. कु. डे यांनी बंगालमधल्या भातशेतीच्या अभ्यासातून १९३९ मध्ये मांडलं. त्यांच्यानंतर झालेल्या कामात हेक्टरी वीस-तीस किलो नत्र हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या एका पोत्यात वीस-एकवीस किलो नत्र असतं. मी हे मालकांना सांगतो. ते सायीकडे पाहतात, मग माझ्याकडे.

"म्हणजे पोतंभर फुकट?"

फुकटच. फक्त वर युरिया जास्त पडला की शेवाळ हवेतला नत्र धरायचं थांबवतं. समोर आयता अमोनिया असताना तो मेहनतीने बनवायची गरज त्याला उरत नाही.

धुऱ्यावर त्यांनी तूर टाकली आहे. रोपं टीचभर-वीतभर झाली आहेत. एक दाट जागचं रोप ते स्वतःच उपटतात, आणि मुळं ओंजळीत धुऊन दाखवतात. मोहरीएवढ्या गाठी. नखाने एक गाठ फोडली तर आत गुलाबी आहे. आपल्या रक्ताच्या लालीला जे द्रव्य कारण आहे त्याच जातीचं द्रव्य या गाठीत आहे. ते प्राणवायू मोजून मापून जिवाणूंपर्यंत पोचवतं. गाठीतले जिवाणू नत्र देतात, तूर त्यांना साखर देते. "आमचे बाबा म्हणत, तूर पेरलेल्या धुऱ्याखाली बांधी चांगली येते," मालक सांगतात. आणि मग लाखोळीवर येतात.

कार्तिकात, धान उभाच असताना, बांधीत चिखल ओला असताना, लाखोळीचं बी हाताने फेकायचं. नांगरट नाही, पाणी नाही. धान कापला की खाली लाखोळी हिरवी उभी असते. तिच्याही मुळांना अशाच गाठी. १९६१ पासून लाखोळीच्या विक्रीवर बंदी होती, कारण दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत. महाराष्ट्राने ती बंदी पुढे उठवली. पण त्या काळात आणि त्यानंतर पुष्कळांनी उतेऱ्याचं, म्हणजे उभ्या धानात फेकून घ्यायचं, हे पीकच सोडलं, काहींनी मोकाट जनावरांच्या भीतीने. बांधी हिवाळाभर रिकामी पडू लागली. या मालकांनी सोडलेलं नाही. "डाळ घरापुरती होते, आणि पुढच्या साली बांधी हलकी राहते," म्हणतात. मला वाटतं, लाखोळी सोडणं हे या शिवाराचं बैल जाण्याइतकंच मोठं नुकसान आहे, आणि ते भरून काढणं मात्र खूप सोपं आहे. बी आहे, ओल आहे, फेकणारा हात आहे.

एक टन धान पिकला की पंधरा ते वीस किलो नत्र आणि दोन-तीन किलो स्फुरद बांधीतून निघून दाण्यात आणि तणसात जातं. पालाशाचा मोठा भाग तणसात असतो. तणस गुरांनी खाल्लं आणि शेण परत आलं तर तो भाग फिरून येतो. दाणा मात्र पोत्यात भरून गावाबाहेर जातो. नत्र हवेतून आणणारे आहेत: शेवाळ, तूर, लाखोळी. स्फुरदाला हवेची वाट नाही. ते खडकातून, मातीतूनच यायचं. वरच्या जंगलातल्या मुळांनी ते खोलातून काढायचं, पाचोळ्यातून, वारुळातून, शेणातून, ओहोळाच्या तांबूस पाण्यातून खाली यायचं, तलावाच्या तळाशी बसायचं आणि गाळ होऊन बांधीत पडायचं. तो गाळ काढला नाही तर तलाव उथळ होतो आणि बांधी भुकेली राहते. एकाच कामाने दोन्हीचं भलं होतं. २०१७ मध्ये सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. ती चालवताना तळ सरसकट खरवडून पाणवनस्पतींची मुळं आणि मरळीच्या जागा नाहीशा होऊ नयेत, एवढी काळजी गावाने घ्यायला हवी. ती काळजी कशी घ्यायची, ते पाण्यात उभ्या असलेल्या काकांना माहीत आहे. त्यांना विचारलं पाहिजे.

आभाळ पुन्हा भरून येतं आहे. मालक धुऱ्यावर ठेवलेल्या युरियाच्या पोत्याकडे जातात, तोंडाची शिवण चाचपतात, आणि बांधीतल्या पाण्याकडे पाहतात. पाणी वीतभर आहे. इतक्या पाण्यात फेकलेल्या युरियातला बराचसा भाग अमोनिया होऊन उडतो, काही खाली मुरून नत्रवायू होतो आणि त्या बुडबुड्यांतून जातो. धानाला मिळतो तो निम्म्याहून कमी. हे त्यांना शास्त्राच्या भाषेत माहीत नसेल, पण गेल्या साली फेकलं आणि रात्री पाऊस आला, तेव्हा काय झालं ते आठवतं.

"पानी उतरू दे," ते पोत्याला ताडपत्री घालत म्हणतात. "आणि अर्धंच टाकीन यंदा. ह्या बांधीत अर्धं, त्या बांधीत पुरं. पाहू फरक."

ओळीतून काकू ओरडून पेंड्या मागतात. ते पाण्यातून एक पेंडी उचलतात, झटकतात आणि त्यांच्या दिशेने फेकतात.